नळीतला शनी

नातवाच्या शाळेने स्नेहसंमेलनाचा विषय ठेवला 'अवकाश', आणि हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमधलं उरलंसुरलं अवकाश एका ट्राँबोनने भरून टाकलं. या वाद्यात एक नळी पुढेमागे सरकवून सूर काढायचे. तिची ठिकाणं सात. सातवं इतकं लांब की दहा वर्षांच्या पोराचा हात पुरत नाही. मग नळीबरोबर आमचा नातूही पुढे झेपावतो. पहिल्या आठवड्यात देव्हाऱ्यातली घंटा अवेळी वाजली, दुसऱ्या आठवड्यात माझा चष्मा गेला.

बँड नवा, मुलं नवी, सूर येतात मोजून पाच-सहा. अशांना थेट आकाशात का पाठवता, असं मी बँडमास्तरांना विचारलं. त्यांची उभी हयात वरातींत क्लॅरिनेट वाजवण्यात गेलेली. म्हणाले, "साब, शादी का गाना गलत बजा तो घोडा भी पलट के देखता. शनि कैसा बजता, किसकू मालूम?"

मी मनोमन हात जोडले. नवशिक्यांना अवकाश देण्याची युक्ती जगभरच्या बँडमास्तरांना ठाऊक आहे, हे मला मागाहून कळलं. सूर न काढता नळीतून नुसती हवा फुंकली की सौरवारा. बोटांनी कळा खडखडवल्या की तारे. ट्राँबोनची नळी सर्रकन ओढली की यान सुटलं. एकच सूर दम संपेपर्यंत धरून ठेवला की अंतराळाची पोकळी, आणि नवशिक्याला नेमका त्याच्याच सरावाची गरज असते. आमच्या घरी आठवडाभर नुसता सौरवारा वाहत होता. बाहेर लिबर्टीच्या चौकातले हॉर्न चालू असल्याने तो फारसा कुणाला लागला नाही.

मग खरे सूर आले. रिचर्ड श्ट्राउसची 1896 मधली एक रचना आहे, तिची सुरुवात म्हणजे सरळ सा-प-सा. बिचाऱ्याच्या मनात रॉकेट नव्हतं. 1968 साली '2001: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात ती वाजली आणि कायमची अंतराळाची झाली. सा-प-सा ऐकून मला वाटलं, हे तर आमच्या तंबोऱ्याचं काम! पण पुढे शुद्ध गंधार लागतो आणि पाठोपाठ कोमल. आमच्या नातवाचा गंधार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लागतो आणि तिथेच मुक्काम करतो. आमच्या हिच्या मते, 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली, तिथे आपल्या घराण्याचं काम संपलं. "हे बाल्कनीत जाऊ दे," असं ती म्हणाली.

पण ग्रहांचा खरा मालक गुस्ताव होल्स्ट. या इंग्रज गृहस्थाला लहानपणी दमा होता, तर बापाने उपाय म्हणून हातात ट्राँबोन दिला! (हे मी नातवाच्या आईला सांगितलेलं नाही.) पुढे तो लंडनच्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचा. ऋग्वेदातल्या ऋचांना चाली लावण्यासाठी संस्कृत शिकला, सावित्रीवर ऑपेरा लिहिला आणि मित्रांच्या पत्रिका मांडायचा. म्हणजे धोतर तेवढं राहिलं होतं. त्याची 'द प्लॅनेट्स' 1914 ते 1917 या काळातली. ती खगोलापेक्षा पत्रिकेतूनच आलेली: मंगळ युद्ध आणणारा, शनी म्हातारपण आणणारा. पृथ्वी तीत नाहीच. दूरदृष्टीचा माणूस, श्रोते कुठेतरी बसायला हवेत.

तर नातवाच्या वाट्याला शनी आला. साडेसाती घरात शिकवणी लावून येते, हे मला नवीन होतं. स्फूर्ती मिळावी म्हणून मी त्याला जवळच्या नौबत पहाडावर बिर्ला तारांगणात घेऊन गेलो. पूर्वी या टेकडीवर नगारे वाजवून बादशाही फर्मानं सुनावत, म्हणून तिचं हे नाव. तिथून शनीची कडी पाहून पोरगं घरी आलं आणि म्हणालं, "आबा, तो गोल फिरतो, मग मीपण फिरत वाजवू?" टीव्ही आता भिंतीवर उंच लावला आहे.

होल्स्टची रचना नेपच्यूनवर संपते. शेजारच्या खोलीत बसलेल्या बायका गात असतात आणि शेवटी मधलं दार हळूहळू, अजिबात आवाज न करता लावायचं, अशी सूचना त्याने स्वरलिपीतच लिहून ठेवली आहे. गाणं असं विरत विरत जातं.

आमचा सराव रोज संध्याकाळी सातला असतो. सातला पाच कमी असताना समोरच्या ब्लॉकमधल्या काकू जिन्यात डोकावतात, माझ्याकडे बघून हसतात आणि आपलं दार हळूहळू, अजिबात आवाज न करता लावून घेतात.