समुद्र दिसतो, पण कितीला?

क्रूझचं तिकीट काढायला बसलं की कळतं, समुद्र फुकट नसतो. बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त. दिवा मालवला की भर दुपारी अमावस्या. थोडे जास्त मोजले की खिडकी मिळते, पण ती उघडत नाही. आणखी मोजले की बाल्कनी. ‘अंशतः अडलेला देखावा’ असं बारीक अक्षरात लिहिलं असेल, तर समोर लाइफबोट टांगलेली आहे असं समजावं. भलीमोठी, आणि सकाळ-संध्याकाळ तीच.

खरी कमाल रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची. 2009 साली आलेल्या त्यांच्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’वर काही बाल्कन्या समुद्राकडे नाहीतच, त्या जहाजाच्या पोटातल्या बागेकडे उघडतात. समोर दुसऱ्यांच्या बाल्कन्या. गिरगावातल्या चाळीत हे सुख जन्मापासून मिळायचं, तेही पागडीच्या भाड्यात. पुढे 2014 मध्ये याच कंपनीनं काही बिनखिडकीच्या केबिनमध्ये उंच पडदा लावला. बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र त्यावर थेट दिसतो. म्हणजे समुद्रात जाऊन टीव्हीवर समुद्र पाहायचा, आणि त्यासाठी चार पैसे जास्त.

एवढं करून बाल्कनीवाले दिवसभर असतात कुठे? बुफेच्या रांगेत.

ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र देखाव्याचा नाद सोडून खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमधची केबिन घ्यावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. आणि डोक्यावरच्या डेकवर डिस्को नाही ना, एवढं पैसे भरण्याआधी नकाशात पाहून घ्यावं.