एक हमखास वाचक

१९३६ सालच्या जुलै महिन्यात अल्बर्ट आइन्स्टाइन भयंकर चिडले. कारण काय, तर त्यांचा पेपर कुणीतरी वाचला होता.

आइन्स्टाइन आणि त्यांचे तरुण सहकारी नेथन रोझेन यांनी अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’ या जर्नलकडे एक पेपर धाडला होता. गुरुत्वीय लहरी मुळात नसतातच, असा त्याचा एकंदर सूर. संपादक जॉन टेट यांनी तो रिवाजाप्रमाणे एका जाणकाराकडे पाठवला. जाणकाराने दहा पानं भरून शंका काढल्या आणि टेट यांनी त्या अदबीने आइन्स्टाइन यांच्याकडे रवाना केल्या. त्यावर जे उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा, की पेपर छापायला दिला होता; छापण्याआधी तो तज्ज्ञांना दाखवा असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं? शंका चुकीच्याच आहेत, आणि पेपर आम्ही दुसरीकडे छापू. जर्मनीतल्या ज्या जर्नलांमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली, तिथे बहुतेक वेळा संपादकच काय ते ठरवत. जगप्रसिद्ध माणसाचा पेपर परस्पर तिसऱ्याच्या हाती देणं हा त्यांना निव्वळ आगाऊपणा वाटला असणार.

गंमत पुढेच आहे. तो निनावी जाणकार म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन, आइन्स्टाइन राहत त्या प्रिन्स्टनमधलेच प्राध्यापक. त्यांनी आइन्स्टाइन यांचे नवे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी ओळख वाढवली आणि गप्पांच्या ओघात चूक नेमकी कुठे आहे ते त्यांच्या गळी उतरवलं. इन्फेल्डनी ते आइन्स्टाइन यांच्या कानावर घातलं. १९३७ मध्ये पेपर दुसऱ्या जर्नलात छापून आला तेव्हा निष्कर्ष पार फिरला होता. ‘ते’ रिव्ह्यूअर रॉबर्टसनच होते याची खात्री पटायला २००५ साल उजाडलं. जर्नलच्या जुन्या नोंदवहीत ते नाव सापडलं. पुढे २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या आणि आता त्या टिपण्यासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात वेधशाळा व्हायची आहे. पहिला मसुदा तसाच छापला गेला असता, तर आइन्स्टाइन यांची केवढी पंचाईत झाली असती!

पेपर नक्की कोण वाचतं, हा तसा नाजूक प्रश्न आहे. सहलेखक आपापला परिच्छेद वाचतात. गाइड शीर्षक वाचतात आणि आपल्या नावाचं स्पेलिंग तपासतात. बढतीची समिती पेपर वाचत नाही, मोजते. घरचे लोक अभिनंदन करतात. पहिल्या शब्दापासून संदर्भसूचीपर्यंत सगळं वाचणं ज्याच्या गळ्यात पडतं असा इसम एकच, आणि तो म्हणजे रिव्ह्यूअर. त्याला बहुधा छदाम मिळत नाही, त्याचं नाव छापून येत नाही, आणि ज्याचा पेपर तो वाचतो तो लेखक त्याला आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या देतो. २०२० या एका वर्षात जगभरच्या रिव्ह्यूअरांनी या कामात दहा कोटींहून जास्त तास घातले, असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढी बिनपगारी राबणूक हल्ली देवाच्या कामालाही कुणी देत नाही.

रीत सगळीकडे साधारण सारखीच. पेपर आधी संपादकाच्या टेबलावर येतो आणि पुष्कळदा तिथूनच माघारी जातो. ‘आमच्या जर्नलच्या कक्षेत बसत नाही’ हे वाक्य म्हणजे वधूपक्षाला कळवलेलं ‘पत्रिका जुळत नाही’. खरं कारण कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. टेबलावरून वाचलाच, तर दोन-तीन जाणकारांना विनंती जाते. एक जण नकार देतो, दुसरा उत्तरच देत नाही, तिसरा आनंदाने हो म्हणतो आणि तीन महिने गायब होतो. मग स्मरणपत्रं. यथावकाश अहवाल येतात आणि निकाल लागतो: स्वीकारला, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती किंवा नामंजूर. पहिल्याच फेरीत ‘जसाच्या तसा स्वीकारला’ असं पत्र आलेला संशोधक ते फ्रेम करून लावतो.

रिव्ह्यूअर नंबर एक दयाळू आणि नंबर दोन खवीस, असा संशोधकांत जगभर प्रवाद आहे. ही जोडी या प्रथेइतकीच जुनी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३१ मध्ये पेपरवर लेखी अहवाल मागवायचं ठरवलं, तेव्हा पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीबद्दलचा जॉर्ज एअरी यांचा पेपर दोघांकडे गेला, विल्यम व्हेवेल आणि जॉन लबक यांच्याकडे. दोघांनी मिळून एकच अहवाल लिहायचा होता. व्हेवेलना पेपरचं महत्त्व चार शब्दांत वाखाणून मोकळं व्हायचं होतं. लबक मात्र समीकरणांत शिरले आणि लेखकाने काय काय निराळं करायला हवं होतं याची यादी काढून बसले. शुक्र आपल्या गतीने फिरत राहिला; हे दोघे काही महिने पत्रापत्री करत राहिले.

खरं वाङ्मय बहरतं ते दुरुस्तीच्या फेरीत. लेखकाला प्रत्येक शंकेला क्रमांकवार उत्तर द्यावं लागतं. रिव्ह्यूअर लिहितो, ‘लेखकांनी या विषयातले महत्त्वाचे काम पाहिलेले दिसत नाही,’ आणि खाली पाच पेपर सुचवतो. पाचांतले चार एकाच माणसाचे असतात. तो माणूस कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. लेखक दात-ओठ खातो, दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी टाइप करतो: ‘आदरणीय रिव्ह्यूअरांच्या मौलिक सूचनेबद्दल आम्ही अत्यंत आभारी आहोत. सुचवलेले संदर्भ समाविष्ट केले आहेत.’

शंका टाळण्यासाठी माणूस कुठवर जाईल? अमेरिकेतल्या जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एकट्याने लिहिलेल्या पेपरात सगळीकडे ‘आम्ही’ असं लिहिलं होतं. लेखक एक आणि सर्वनाम अनेकवचनी, तेव्हा ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’वाले पेपर परत पाठवतील, असं सहकाऱ्याने बजावलं. टाइपरायटरचा जमाना, सगळा पेपर पुन्हा बडवायचा कंटाळा. त्यांनी आपला सयामी बोका एफ. डी. सी. विलर्ड या भारदस्त नावाने सहलेखक करून टाकला. पेपर छापून आला. पुढे काही प्रतींवर बोक्याने पंजा उमटवून सहीसुद्धा केली.

रिव्ह्यूअर नेमकं काय वाचतो, याची परीक्षा डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञांनी घेतली. नामांकित संस्थांतल्या लोकांचे छापून आलेले बारा पेपर त्यांनी उचलले, लेखक आणि संस्था यांची नावं खोटी घातली आणि ज्या जर्नलांनी ते छापले होते त्यांच्याकडेच पुन्हा धाडले. तीनच ठिकाणी चोरी पकडली गेली. उरलेल्या नवांपैकी आठ नामंजूर झाले. बरेचदा दिलेलं कारण होतं, संशोधनपद्धतीत गंभीर दोष. १९८२ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मोठी खळबळ उडाली. दोष आधीपासून होते की बिनवजनाच्या पत्त्यामुळे उपटले, यावर आजही दोन तास सहज भांडता येईल.

याच्या अगदी उलट टोकाला गणितज्ञ टॉमस हेल्स यांचं प्रकरण. संत्री कशी रचली म्हणजे कमीत कमी जागा वाया जाते, हे योहानेस केप्लर यांनी १६११ मध्येच सांगितलं होतं आणि फळवाल्यांना ते त्याआधीपासून ठाऊक होतं. सिद्धता हेल्सनी १९९८ मध्ये दिली, ढीगभर संगणकी आकडेमोडीसकट. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ने बारा रिव्ह्यूअर कामाला लावले. चार-पाच वर्षांनी ते बाराजण थकून म्हणाले, बरोबर असल्याची आमची ९९ टक्के खात्री आहे, याहून जास्त आमच्याने होणार नाही. हेल्सना तो एक टक्का डाचत राहिला. त्यांनी सिद्धता संगणकाकडूनच ओळ न् ओळ तपासून घ्यायची ठरवली, ते काम २०१४ मध्ये संपलं.

आपल्याकडे पेपरांचं पीक आलं ते बढतीचे गुण त्यांच्यावर मिळू लागले तेव्हा. मागणी तसा पुरवठा: पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, वर ‘पीअर रिव्ह्यूड’ असा शिक्का. यूजीसीने २०१८ मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली. मग ‘केअर लिस्ट’ आली, जर्नलं पारखण्याचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बसला, आणि स्टाफरूममध्ये ‘केअरमध्ये आहे का?’ हा प्रश्न चहाआधी विचारला जाऊ लागला. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली.

शिक्का विकत न घेता रिव्ह्यूअरच घरी तयार करण्याची युक्ती मात्र दक्षिण कोरियातल्या एका वनौषधी-संशोधकाची. पुष्कळ जर्नलं लेखकालाच विचारतात, तुमचा पेपर कोणाकडे पाठवू? याने नावं सुचवली, काही खऱ्या शास्त्रज्ञांची, काही मनची. सोबतचे ईमेल पत्ते त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या माणसांचे. अहवालही बावळटासारखे निव्वळ स्तुतीचे नव्हते. मधूनमधून सुधारणाही सुचवलेल्या असत. २०१२ मध्ये हे बिंग फुटलं आणि पुढे त्याचे २८ पेपर मागे घेतले गेले. संपादकाला संशय आला तो अहवालांतल्या मजकुरामुळे नव्हे. ते चोवीस तासांच्या आत आले होते.