डिक्शनरीमामा

मैलापुरात आमच्या इमारतीतली वीज गेली की बाकीचे मेणबत्ती शोधतात. डिक्शनरीमामा माणूस शोधतात. तंजावरी मराठी घरातले हे निवृत्त इंग्रजी मास्तर. जिन्यात सापडलेला माणूस त्यांच्या तावडीतून वीज आल्याखेरीज सुटत नाही.

"मामा, अंधारात पडाल."

"कुठल्या अंधारात?"

झालं! 'डार्क' म्हणजे उजेडच नाही. 'डिम' म्हणजे आहे, पण पुरत नाही. 'मर्की' म्हणजे गढूळ, आपल्या कूम नदीसारखा. 'ग्लूम' खोलीत थोडा, मनात फार. 'टेनेब्रस' हा तर घरचाच काळोख, कारण लॅटिनमधली 'टेनेब्री' आणि संस्कृतातली 'तमिस्रा' या चुलत बहिणी. मिट्ट आणि गुडूप एवढ्यावर जन्म काढलेला मी कठडा चाचपत "हो, हो" म्हणतो.

त्यांचा जीव मात्र 'डार्कलिंग'वर. "त्यात आयएनजी बघू नका हो, शेपूट 'लिंग' आहे! क्रियाविशेषण. अर्थ, काळोखात." खुद्द इंग्रजच फसले आणि त्यातून 'डार्कल' असं क्रियापद पाडून बसले, हे सांगताना मामांच्या आवाजात नापास मुलाच्या बापाचं दुःख असतं.

संधिप्रकाशही त्यांच्याकडे तीन. सूर्य क्षितिजाखाली 6 अंशांपर्यंत नागरी, 12 पर्यंत नाविक, 18 पर्यंत खगोलीय. चेन्नईत पहिला वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. तेवढ्यात नीट समजावून होत नाही, ही या शहराबद्दल मामांची एकमेव तक्रार. उकाड्याबद्दल अवाक्षर नाही.

12 डिसेंबर 2016 ला वरदा वादळ आलं, झाडं आडवी झाली आणि आमच्याकडे चार दिवस दिवे नव्हते. मामा दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

गेल्या आठवड्यात दिवे गेले नाहीत, नुसते मंदावले. पंख्याची पाती मोजता येत होती. वायरमन आला आणि त्यानं तमिळमध्ये विचारलं, "डिम्मा एरियुदा, सार?"

मामांचे डोळे भरून आले. "ऐकलंत? डिम! डार्क म्हणाला नाही!"

मग त्यांनी त्याचा टॉर्च आपल्या हातात घेतला आणि 'डस्क'पासून सुरुवात केली. समजावण्याच्या भरात झोत हळूहळू वर सरकला आणि थेट त्या बिचाऱ्याच्या तोंडावर स्थिरावला. वायरमन डार्कलिंग फ्यूज बसवत होता.