असईचे सेनापती, मुक्काम भिलाई

ज्या कारखान्यातून २६० मीटर लांबीचे रूळ बाहेर पडतात, तिथे जन्मभर इन्स्पेक्शन केलेले आमचे काका आता २८ मिलीमीटर उंचीच्या खेळण्यातल्या शिपायाची मिशी भिंगातून तपासतात. डावी बाजू केसभर झुकली, की शिपाई रिजेक्ट. भिलाईचा मराठी माणूस चिडतो हिंदीत, त्यामुळे "ये नहीं चलेगा!" एवढं बाहेरच्या खोलीत ऐकू येतं.

काकांची लढाई एकच. असई, २३ सप्टेंबर १८०३. इकडे शिंदे-भोसले, तिकडे वेलस्ली. हाताशी लागतात ते छोटे शिपाई मात्र नेपोलियनचे फ्रेंच. मग ब्लेडने टोपी उडवायची, एम-सीलची सुतासारखी वळी करायची आणि ओल्या टूथपिकने डोक्याला पेच देत पगडी बांधायची. मे महिन्यात पगडी बांधून होण्याआधीच एम-सील दगड होतं. अंगातला कोट तसाच ठेवतात. शिंद्यांचे कंपू फिरंगी कवायतीतच तयार झाले होते ना, हा त्यांचा सोयीस्कर इतिहास. काकूंच्या नेलपॉलिशचा लाल रंग कुठे गेला, हे वेलस्लीच्या पलटणीकडे बघून कळतं.

खरी पंचाईत डायनिंग टेबलावर लढाई मांडल्यावर होते. इंग्रज व्हायला घरात कुणीच तयार नसतं. शेवटी काकाच वेलस्ली होतात, आणि फासेही मेले त्यांनाच साथ देतात. मग जावयापासून नातवापर्यंत सगळे त्यांना फितूर म्हणतात. परवा नातवाने मेलेले गोलंदाज डब्यातून काढून पुन्हा तोफांपाशी उभे केले. काका खवळले. नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, तुम्हीच सांगितलंत, असईत पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी इंग्रजांवर मागून तोफा डागल्या." गोष्ट खरी होती. काकांना लढाई थांबवावी लागली. काकूंना टेबल हवंच होतं.

तरी वेलस्ली व्हायला राजी असलेला मराठी माणूस हवा आहे. दुर्ग स्टेशनवर उतरावं, न्यायला काका स्वतः येतील. जेवणाची सोय आहे. वाटेत गाडी फार खडखडली, तर ते रूळ दुसऱ्या कुणीतरी पास केलेत असं समजावं, आणि काकांसमोर तो विषय काढू नये.