आप्पांचं पीक

"यंदा पीक लई महाग आहे भो," असं आप्पा पिंप्राळ्यात ओट्यावर बसून म्हणाले, की नवखा माणूस हमखास विचारतो, "कापूस का केळी?" आप्पा याचीच वाट बघत असतात. खिशातून रुमाल निघतो, रुमालातून बोटभर मातकट कांडी. "पॉलिइथर-इथर-किटोन. शेतात नाही येत हे."

आप्पांची सगळी नोकरी जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात गेली. चटईचं पॉलिप्रॉपिलिन 165 अंशांच्या आसपास पाघळतं, पीक मात्र 343पर्यंत दाद देत नाही, हे ते जावयाचा पगार सांगावा तसं सांगतात. कुठलीही वस्तू दिसली की आधी टिचकी, मग कानाशी, मग दाताखाली. आषाढीला पिंप्राळ्याचा रथ निघतो तेव्हा गाव देवाकडे बघतं. आप्पा चाकाला लागणाऱ्या मोगरीच्या लाकडाकडे.

परवा शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा सिरॅमिक भरलेल्या रेझिनचा, प्रिंटरवर काढलेला पांढरा गिअर घेऊन आला. "आप्पा, ताठपणा 10 गिगापास्कल. तुमच्या पीकचा 4च्या आसपास!"

आप्पांनी टिचकी मारली. टण्ण. "ही तर कपबशी रे!"

रेझिनमधली भुकटी तळाशी बसते, म्हणून बाटली आधी हलवून घ्यावी लागते, असं पोराने समजावलं.

"म्हणजे ताकच की."

मग कसोटी. दोन्ही नग काकूंच्या भज्यांच्या कढईत. दोन्ही जसेच्या तसे निघाले; तेल काकूंनी मोरीत ओतलं आणि भजी आठवडाभर बंद. पण बरोबरी आप्पांना पचेना. नग पुसता पुसता दोन्ही "चुकून" शहाबादी फरशीवर पडले. पीक टुणकन उडून खाटेखाली गेलं. गिअरचे बिबडीसारखे तीन तुकडे.

पोरगा काही न बोलता चपला घालून गेला. त्या रात्री कळण्याची भाकरी आप्पांच्या ताटात तशीच राहिली. चष्मा लावून, फेविक्विक घेऊन बारापर्यंत बसले होते, असं काकू सांगतात. सकाळी गिअर परत द्यायला गेले, तर पोराच्या मशीनवर दुसरा तयार. "राहू द्या तुम्हालेच, आप्पा."

आता रुमालात दोन्ही असतात. पीक दाखवून झालं की आप्पा पांढरा गिअर काढतात, सांधा अंगठ्याखाली झाकून धरतात आणि म्हणतात, "आन हे पाहा. वाकत म्हणून नाही भो."