सायकलवरून उतरण्याचे शास्त्र

ही मार्गदर्शिका बालाघाट शहरातल्या आणि पंचक्रोशीतल्या अशा ज्येष्ठांसाठी आहे, ज्यांचे गुडघे अलीकडे घरातल्या चर्चेत भाग घेऊ लागले आहेत. त्यांना पुण्या-नागपूरच्या मुलाने हायब्रिड सायकल घेऊन पाठवलेली असते, आणि ते ती ओसरीत उभी करून आल्यागेल्याला फक्त तिची किंमत सांगत असतात. पात्रतेची अट एकच. लहानपणी वडिलांच्या उंच काळ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारलेली असावी. ज्या काकूंना तेव्हा कोणी सायकलला हात लावू दिला नाही, त्यांना ही अट माफ आहे. त्या लवकर शिकतात, कारण 'मला सगळं येतं' हा भ्रम त्यांना नसतो.

आधी वाहनाची ओळख. आमच्या जिल्ह्यात हायब्रिड म्हटले की धानाचे बियाणे आठवते आणि चिन्नोर पिकवणारा शेतकरी नाक मुरडतो. त्याला तो हक्क आहे. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सायकलीतले हायब्रिड मात्र खाण्याचे नसल्याने चवीचा प्रश्न येत नाही. शर्यतीच्या सायकलची मोठी, हलकी चाके आणि डोंगरी सायकलचे सरळ हँडल यांचा हा संसार. टायर ना फार बारीक ना फार जाड, साधारण 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे. बसल्यावर पाठ किंचित पुढे झुकते. शर्यतवाल्यासारखे पोटावर दुमडावे लागत नाही. तसेही या वयात पोट दुमडू देत नाही. दूधवाल्याच्या सायकलपेक्षा वजन कमी आणि कॅरिअर बहुधा नसते, म्हणजे 'येताना पाच किलो कणीक घेऊन या' हा हुकूम आपोआप रद्द होतो. हा फायदा विक्रेते सांगत नाहीत.

आता मुख्य विषय, उतरणे.

चढायला सगळेच शिकवतात. 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि लोकांना सायकल चालवायलाही शिकवले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, कारखाना उभारला, किर्लोस्करवाडी वसवली. पण सायकलवरून उतरण्याचा वर्ग मराठी माणसाने अजून काढलेला नाही. ती उणीव येथे भरून काढण्यात येत आहे, शुल्क न घेता.

उतरता न येण्याची भीती सीटमध्ये दिसते. आपल्याकडे साठी ओलांडलेला गृहस्थ सायकल घेतो तेव्हा पहिले काम म्हणजे सीट खाली दाबतो. दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, असा त्याचा आग्रह. मग पायडल वर आले की गुडघा छातीच्या भेटीला येतो. प्रत्येक फेरीला वाटीवर नको तितका ताण पडतो, आणि आठवड्याभरात डॉक्टरकडे सायकलविरुद्ध तक्रार दाखल होते. सायकल निर्दोष असते. बरोबर उंची अशी: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी, पायडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडाच वाक राहतो. इतक्या उंचीवर बसल्या बसल्या पाय जमिनीला पुरत नाहीत, फार तर बोटे टेकतील. येथे इच्छुक घाबरतो आणि पाना मागतो. पाना देऊ नये.

कारण थांबताना सीटवर बसून राहायचेच नसते. गती कमी करावी, ब्रेक दोन्ही धरावेत पण हळू. पुढचा ब्रेक जोरदार असतो, खडीवर एकट्याने दाबला तर तो चालकाला स्वतःच्या पद्धतीने उतरवतो. एक पायडल खाली आणावे, त्यावर उभे राहून बूड सीटच्या पुढे सरकवावे आणि दुसरा पाय जमिनीवर ठेवावा. बस्स. चढताना हेच उलट. हे मोकळ्या मैदानावर, सकाळी लोक उठायच्या आधी, कंटाळा येईपर्यंत करावे. ज्याला उतरता आले त्याची सीट उंच राहते, ज्याची सीट उंच त्याचे गुडघे टिकतात. बाकी सर्व मार्गदर्शन या वाक्याचा विस्तार आहे आणि वाचकाने कंटाळा आल्यास येथेच थांबायला हरकत नाही.

दांड्याचा प्रश्न नाजूक आहे. पाय मागून उडवून सीटवर बसणे हे तरुणपणी शौर्य होते, आता तो कंबरेचा सट्टा आहे. खाली झुकलेल्या दांड्याची सायकल मिळते. तिच्यावर साडीत, सलवारीत, धोतरातही सुखाने बसता येते. पुरुष तिला 'लेडीज' म्हणून नाकारतात आणि मग हनुमान चौकात भर गर्दीत एका पायावर नाचतात. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण माकडहाडाला स्त्री-पुरुष भेद कळत नाही.

गिअर एकवीस असतात, चोवीसही असतात. घाबरू नये, बहुतेक मालकांची त्यातल्या एकाशीच ओळख होते. पुढची तीन चक्रे आणि मागची सात-आठ यांचे ते गुणाकार आहेत. लक्षात ठेवायचे इतकेच की चढावर पुढे लहान चक्र आणि मागे मोठे. चढ लागायच्या आधीच, पायडल हलके फिरत असताना गिअर बदलावा. अर्ध्या चढावर सगळा भार देऊन बदलला तर चेन असा आवाज करते की शेजारच्या पानठेल्यावरचा माणूसही 'काकाजी, चेन उतरी क्या' म्हणून विचारतो. थांबण्यापूर्वीही हलका गिअर लावून ठेवावा. पुन्हा निघताना पाय दुवा देतात. जड गिअरात दात-ओठ खाऊन रेटण्यापेक्षा हलक्यात पाय भराभर फिरवणे गुडघ्यांना मानवते. सातपुड्यातून जबलपूरला जाणारी आपली नॅरोगेज गाडी 2015 मध्ये बंद झाली. तिने घाट चढताना कधी घाई केली नाही आणि तरी वर पोचायची. तो वेग आदर्श समजावा.

आता मार्ग. आमचा जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून झाला, त्यामुळे रस्त्यावर सल्लाही हिंदी, पोवारी आणि मराठी अशा तीन भाषांत मिळतो. 'इस उमर में?' हा त्यातला सर्वांत सौम्य. काली पुतली चौकात तर ओळखीचा माणूस भेटणारच, आणि तो हात वर करणारच. उत्तरादाखल हात वर करू नये. घंटी वाजवावी किंवा सरळ उतरावे. एका हाताने हँडल धरून 'रामराम' करण्याची वयोमर्यादा निघून गेली आहे.

भरवेलीकडे जाणारा रस्ता सुंदर आहे, पण तो डंपरचाही आहे. तिथली मॉईलची खाण आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून सांगितली जाते. माणसे रोज शेकडो मीटर जमिनीखाली उतरतात, आपल्याला फक्त सायकलवरून कडेला उतरायचे आहे. मागून जड गाडीचा आवाज आला, समोरूनही येत असेल आणि रस्ता अरुंद असेल, तर मानापमान न करता उतरून उभे राहावे. भटका कुत्रा मागे लागला तरी तेच. त्याचे वैर फिरत्या पायांशी असते, म्हाताऱ्याशी नाही. सायकल मध्ये ठेवून शांत उभे राहिले की बहुधा त्याला आपल्यात रस उरत नाही. सुरुवातीला वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन परत यावे. वारासिवनीच्या रस्त्याने किती पुढे जायचे हे गुडघ्यांवर सोडावे. गांगुलपाऱ्याचा तलाव आणि बैहरकडचा घाट पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवा. घाटात सायकल हातात धरून चालत जाणे हा पराभव नाही. उलट तो पूरक व्यायाम आहे, आणि येथे मार्गदर्शक क्षणभर गंभीर होत आहेत.

सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो. हृदय, फुफ्फुसे आणि मांड्या यांची कमाई होते, पण हाडांना लागणारा दाब मिळत नाही, म्हणून चालणे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना, पासष्टीपुढच्यांनाही, आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि ज्येष्ठांना आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा वेगळा व्यायामही. मध्यम श्रम म्हणजे किती? बोलता यावे, पण गाता येऊ नये. पुलावर पूर्ण आरती म्हणत जाणाऱ्यांनी गती वाढवावी; ज्यांना 'हो' म्हणायलाही श्वास पुरत नाही त्यांनी उतरावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा. तो परतल्यावर पोह्यांबरोबर जिलेबी खाण्याचे समर्थन म्हणून वापरू नये, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण तो तसा वापरला जातो. रक्तदाब, हृदय किंवा चक्कर यांचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे, शेजाऱ्याला नंतर.

नातवंडे हसली तर त्यांना फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांची गोष्ट सांगा. 2017 च्या जानेवारीत, वयाच्या 105 व्या वर्षी, त्यांनी एका तासात 22.547 किलोमीटर सायकल चालवली. ती बंदिस्त, गुळगुळीत धावपट्टीवर, गाई नसलेली. 2021 मध्ये 109 व्या वर्षी ते गेले. ही गोष्ट नातवंडांसाठी आहे, अनुकरणासाठी नाही. आपल्या रस्त्यावर गाई आहेत आणि त्या बसलेल्या आहेत.

पोशाखाबद्दल फार बोलणे नाही. हेल्मेट हवे, मग त्यात कोणी कसेही दिसो. धोतर, पायजमा किंवा सैल सलवार उजव्या पायाला चिमट्याने बांधावी, चेन त्याच बाजूला असते. मागे लाल दिवा लावावा. डिसेंबरात नदीवर धुके उतरते तेव्हा दहा हातांवरचे काही दिसत नाही, आणि डंपरवाल्यालाही नाही. मे महिन्यात ऊन तापायच्या आत घरी परतावे. पारा पंचेचाळिशीकडे झुकतो तेव्हा उत्साह हा आजार ठरतो. पावसाळ्यात ओल्या रंगाच्या पट्ट्यांवर आणि रेल्वे फाटकातल्या रुळांवर चाक घसरते. रूळ काटकोनात ओलांडावेत, नाही जमले तर, आता सांगायला नको, उतरावे.

टायरमध्ये हवा नेमकी किती भरायची ते टायरच्या कडेलाच लिहिलेले असते. सायकलवाला अंगठ्याने दाबून 'चलेगा' म्हणाला तरी ते वाचावे. ज्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही त्यांनी चष्मा घ्यावा. हवा कमी असली की पायडल जड जाते आणि दोष वयाला दिला जातो.

शिकायला सुरुवात दिवाळीनंतर करा, पाऊस संपलेला असतो आणि थंडी अजून बोचत नसते. निघताना कुठे चाललो ते घरी सांगा, फोन बरोबर ठेवा, रक्तगट आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी खिशात असू द्या. परवानगी मात्र मागू नका.