आक्षेप प्रलंबित

कॅमेरा घ्यायचा आहे, हे मी काकाजींसमोर बोलायलाच नको होतं. चूक माझी. पण तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर तोंडात चणे असताना माणसाला भान राहत नाही. "ताडोबाचं बुकिंग झालं, आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हटलं एखादा साधा कॅमेरा घेऊन टाकावा. फोटोचाच. पण व्हिडिओही बरा काढला पाहिजे त्यानं," एवढंच बोललो. काकाजींनी प्लेट खाली ठेवली. तर्री शिल्लक असताना प्लेट खाली ठेवणारा नागपूरकर दिसला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"बजेट?"

"चाळीस हजार."

"फोटो किती टक्के, व्हिडिओ किती टक्के?"

हा हिशेब मी जन्मात केला नव्हता. पोहे थंड होऊ नयेत म्हणून "सत्तर-तीस" असं ठोकून दिलं.

"मग थांब," काकाजी म्हणाले. "घाई काहून करून राहिला?"

याला आता दोन वर्षं होतील. ताडोबा होऊन गेलं. वाघ दिसला, तोही मोहर्लीच्या रस्त्यावर आडवा पसरलेला. तो माझ्या मेव्हण्याच्या कॅमेऱ्यात आहे.

असा एक माणूस तुमच्याही कॉलनीत असणार. फ्रिज घ्या, गाडी घ्या, जावई शोधा, तो फाटकातच हात आडवा धरून उभा असतो. फरक इतकाच की आमचे काकाजी सिव्हिल लाइन्सच्या एजी ऑफिसात एकतीस वर्षं लेखापरीक्षण करून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांच्या आडवं येण्याला शिस्त आहे. त्यांच्याकडे एक लांब, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. प्रत्येक पान उभं, मधोमध दुमडलेलं. डाव्या अर्ध्यात आक्षेप, उजवा अर्धा समोरच्याच्या उत्तरासाठी कोरा. ऑफिसात याला हाफ मार्जिन म्हणत. इथे समोरचा म्हणजे जपानातली कॅमेरा कंपनी, आणि तिला आपल्यावर आक्षेप निघाला आहे हे ठाऊकच नाही. त्यामुळे उजवी बाजू २००८ पासून कोरी आहे.

२००८ का, तर त्या वर्षी ऑगस्टात निकॉनचा डी९० आला. फोटोच्या डीएसएलआर कॅमेऱ्यानं व्हिडिओही काढावा, ही गोष्ट जगात पहिल्यांदा तेव्हा झाली. काकाजींना ती जणू आपल्यासाठीच झाली असं वाटलं, आणि त्याला कारणही होतं. त्यांच्या घरात एकच काम करणारी वस्तू सापडत नाही. हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे. पाहुण्यांना त्यावर धड बसता येत नाही आणि धड झोपताही येत नाही. कपाटावर रेडिओ आणि कॅसेट मिळून झालेला टू-इन-वन अजून आहे. छत्रीची काठी होते. मुलाची मुंज आणि घराची वास्तुशांत एकाच दिवशी, एकाच मांडवात, एकाच आचाऱ्याकडून उरकली होती. अशा माणसासाठी फोटो आणि व्हिडिओ एकाच यंत्रात म्हणजे साक्षात्कार. दोन दिवस ते हवेत होते. तिसऱ्या दिवशी वही उघडली.

आक्षेप क्रमांक एक: व्हिडिओ पाच मिनिटांत बंद पडतो. "मंगलाष्टकं तरी पूर्ण होतात का पाच मिनिटांत?"

खरं तर होत नाहीत. काकाजींची मोठी अडचण हीच आहे की त्यांचे आक्षेप खरे असतात. खोटे असते तर माणूस कॅमेरा घेऊन मोकळा झाला असता.

त्याच वर्षी कॅननचा ५डी मार्क टू आला, पुढे ज्यावर लोकांनी सिनेमेसुद्धा काढले. तिथे फक्त "बजेटबाह्य" असा शेरा पडला. २०११ साली ६००डी आला: मागचा पडदा बाहेर काढून फिरवता येतो, बाहेरचा माइक लागतो, किंमत आवाक्यातली. कॉलनीला वाटलं, सुटलो. पण त्याची चार जीबीची फाइल भरली, म्हणजे साधारण बारा मिनिटं झाली, की तो आपोआप थांबतो. आणि व्हिडिओ चालू असताना समोरचा माणूस हलला तर फोकस त्याच्यामागे जात नाही. दोन आक्षेप. २०१८ साली कॅननचा एम५० आला. फोकस मागे जायला लागला, ४के व्हिडिओ आला. काकाजींनी चार दिवस अभ्यास केला आणि निकाल दिला: ४के लावलं की सेन्सरचा मधला तुकडाच वापरात येतो, चित्र दोन्हीकडून कापलं जातं आणि तो शहाणा फोकसही जातो. "म्हणजे नवरदेव आला तर नवरी गेली. लग्न कोणाचं लावून राहिले बे?" पुढे कंपनीनं ती मालिकाच गुंडाळून दुसऱ्या माउंटकडे मोर्चा वळवला, तेव्हा काकाजींनी कॉलनीत संत्रा बर्फी वाटली. पेढे नाहीत, कारण बर्फीत संत्रंही असतं आणि बर्फीही.

सोनीचा झेडव्ही-ई१० हा २०२१ सालचा. व्हिडिओत उत्तम. पण त्याला डोळा लावायची खिडकीच नाही. जे पाहायचं ते मागच्या पडद्यावर. "नागपूरच्या उन्हात पडद्यावर काय दिसते? तुझंच तोंड."

मे महिन्यात तर त्यांच्याशी या विषयावर बोलूच नये. कॅननच्या आणि निकॉनच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: वापरण्याचं तापमान ० ते ४० अंश. ही ओळ काकाजींनी लाल शाईनं अधोरेखित केली आहे. "म्हणजे एप्रिल-मे हा कॅमेरा नागपुरात बेकायदेशीर." ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मागाहून हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. सगळं शहर हसलं. काकाजी हसले नाहीत. ते संध्याकाळी मुद्दाम माझ्या फाटकाशी आले आणि म्हणाले, "पाहिलं? म्हणून सेन्सर नीट पाहून घ्यावा लागतो."

एकदा मात्र मी त्यांना कोंडीत पकडलं असं मला वाटलं. "काकाजी, फोटोचा कॅमेरा हा फोटोचा आणि व्हिडिओचा तो व्हिडिओचा. तुम्ही उगाच दोन्ही एकात शोधताय." ते शांतपणे आत गेले आणि कागदांची चळत घेऊन आले. या कॅमेऱ्यांवर आयात शुल्काची सवलत होती, आणि सवलत कोणाला, याची व्याख्या सरकारी अधिसूचनेत होती: किमान ८०० गुणिले ६०० पिक्सेलचा, सेकंदाला किमान २३ चौकटींचा व्हिडिओ सलग ३० मिनिटं काढू शकणारा कॅमेरा या सवलतीत बसणार नाही. आता याचा अर्थ कसा लावायचा, यावरून कॅनन, निकॉन, सोनी एकीकडे आणि सीमाशुल्क खातं दुसरीकडे, असं वर्षानुवर्षं चाललं आणि अखेर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. "फोटोचा का व्हिडिओचा, हे सरकारला ठरवायला एवढी वर्षं लागली," काकाजी म्हणाले, "अन् तू मला दोन वर्षांत घाई करून राहिला."

युरोपातलीही एक गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. तिकडे एकेकाळी ३० मिनिटं किंवा जास्त चालणारा तो व्हिडिओ कॅमेरा, त्यावर कर जास्त असे; म्हणून बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतील असेच बनवले गेले. हे सांगताना काकाजींचे डोळे पाणावतात. "एका सेकंदात कर वाचवला, बाबू! याला म्हणतात हिशेब."

काकूंना विचारलं, तुम्ही हे कसं सहन करता? काकू भाजी निवडत होत्या. "मला पाहून गेल्यावर चौदा महिने उत्तर नव्हतं यांचं," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांना वाटलं, मुलगी नापसंत. हे म्हणे, बाकी सगळं ठीक आहे, फक्त मुलगी गाते की शिवते ते कळू द्या. मी दोन्ही करत होते, पण मला कोणी विचारलंच नाही."

तर अशा माणसामुळे आमच्या कॉलनीतल्या अकरा घरांत कॅमेरा नाही. मुलांचे पहिले वाढदिवस गेले, एक गृहप्रवेश गेला, एक साठीशांत गेली. सगळं मोबाइलवर, तेही उभं. मनातून मी त्यांच्यावर चिडलेलोच होतो, आणि हा लेख त्याच रागात लिहायला घेतला होता.

तेवढ्यात मेव्हण्याच्या मुलाचं लग्न निघालं आणि फोटो-व्हिडिओसाठी सक्करदऱ्याकडचा एक पोरगा ठरला. हातात दोन महागडे कॅमेरे, सोबत दोन हाताखालची पोरं. बोलता बोलता कॉलनीचं नाव निघालं तर म्हणाला, "काकाजींच्या गल्लीत राहता का तुम्ही? मले कॅमेरा त्यांनीच घेऊन दिला न."

माझ्या हातातला समोसा हातातच राहिला.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगा तेव्हा एका व्हिडिओवाल्याकडे हॅलोजन धरायला होता. वरातीत नवरदेवाच्या तोंडावर उजेड मारत उलटं चालणारा जो मुलगा असतो ना, तो. त्यानं काकाजींना विचारलं. काकाजींनी टक्केवारी विचारली नाही. दहा मिनिटांत सांगितलं: वापरलेला ६००डी घे, बॉडीवर पैसे घालू नको. पैसे ५० एमएम एफ १.८ च्या लेन्सवर, एका माइकवर आणि तिपाईवर घाल. लोक अंधारं चित्र एकवेळ चालवून घेतात, घरघरता आवाज नाही. मांडवात ट्यूबलाइट असेल तर शटर एकपन्नासांशवर ठेव, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्र फडफडते. मग बर्डीवरच्या दुकानात ते स्वतः गेले, पाऊण तास लेन्स उजेडात धरून आत बुरशीचा धागा आहे का ते पाहत बसले, शटर किती वेळा उडालं ते मोजून घेतलं. पैसे कमी पडले. उरलेले काकाजींनी भरले.

"परत केले?"

"थोडे केले. मग बहिणीचं लग्न निघालं." पोरगा कान खाजवायला लागला. "ते विचारतच नाहीत, भाऊ. म्हणते, अग्रिम म्हणून लिहिलं आहे."

लेखापरीक्षणातल्या माणसाचं थकीत अग्रिम, आणि तो विचारत नाही! त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कसलंतरी निमित्त काढून वही मागितली आणि ६००डीचं पान उघडलं. डावीकडे ते दोन आक्षेप होते. उजवीकडे, अख्ख्या वहीत फक्त त्या एका पानावर, पेन्सिलीनं लिहिलं होतं: "१) लग्न बारा-बारा मिनिटांचे तुकडे करून काढता येते. २) फोकस हाताने करावा. हात आहेत. निकाली."

मी वही मिटून परत दिली. काकाजी म्हणाले, "काय पाहून राहिला होता?" मी म्हटलं, काही नाही. "नवीन एक येऊन राहिला आहे," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत थांब."

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचं काम त्या पोराकडे होतं. काकाजींना त्यानं सोबत नेलं, मीही गेलो. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ मुंगीला जागा नव्हती. पाऊस उघडून ऊन टळटळीत पडलं होतं. ढोल, गुलाल, पुढाऱ्यांचे आणि महागाईचे बडगे, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणून उठलेली आरोळी. काळी मारबत आणि पिवळी मारबत, मिरवणुकीतले दोन पुतळे, समोरासमोर येणार, तेवढ्यात पोरानं तो जुना ६००डी काकाजींच्या गळ्यात अडकवला. "घ्या, काकाजी. तुम्ही काढा आज."

सतरा वर्षं कॅमेऱ्यांचा अभ्यास केलेला हा माणूस. पण मला एकदम लक्षात आलं, त्यांच्या हातात कॅमेरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाय फाकवून उभे राहिले, बटण दाबलं. दोन्ही मारबती भेटल्या, गर्दी उसळली, कोणीतरी माझ्या पायावर पाय दिला. काकाजी पुतळ्यासारखे स्थिर. सगळं उरकल्यावर त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि कॅमेरा खाली सोडला.

संध्याकाळी पोरानं तो व्हिडिओ लावला. पहिल्यांदा दाबलेलं बटण लागलंच नव्हतं. लागलं ते दुसरं. म्हणजे मारबतींची भेट कुठेच नव्हती. भेट झाल्यानंतरचं सगळं होतं. गुलालानं माखलेल्या चपला, रस्त्यावरचं पाणी, एका बडग्याची सावली, कोणाच्या तरी छकुल्याचा लाकडी बैल, काकाजींच्या धोतराची किनार. काकाजींनी ते पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि जाहिरातीच्या एका कागदाच्या पाठीवर लिहिलं: "उन्हात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसत नाही." मग कागद उभा, मधोमध दुमडला.

आम्ही व्हिडिओ बंद केला नाही. त्यात आवाज मात्र स्वच्छ होता. माइक चांगला आहे त्या पोराचा. ढोल लांब जातात, आणि एक कोवळा आवाज विचारतो, "काकाजी, हा कॅमेरा कितीचा आहे हो? मले घ्यायचा आहे."

"फोटो किती टक्के," काकाजींचा आवाज येतो, "अन् व्हिडिओ किती टक्के?"

पोरगा काहीतरी सांगायला लागतो, आणि बारा मिनिटं भरून कॅमेरा आपणहून थांबतो.